डिझेल इंजिन थंड चालतंय? कारण शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची पूर्ण पद्धत

गाडी अर्धा तास हायवेवर पळतेय आणि तापमानाचा काटा अजून मधल्या रेषेला शिवलेला नाही. असं दिसलं की बरेच जण खूश होतात. "आपलं इंजिन कधी तापतच नाही," असं कौतुकानं सांगतात. तापलेल्या इंजिनाची भीती वाटणं साहजिक आहे, कारण ते काही मिनिटांत हेड गॅस्केट घालवतं. थंड चालणारं इंजिन एका दिवसात असं काही करत नाही. ते महिनोन् महिने डिझेल जास्त पितं, ऑइल खराब करतं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबवतं, आणि बिल येतं तेव्हा ते थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या व्हॉल्वच्या) नावावर येतच नाही. म्हणून काटा खाली राहत असेल तर त्याला आजार समजा आणि वेळेत हात घाला. दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते. चुका होतात त्या निदानात.

डिझेलला उष्णता का लागते

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून मिश्रण पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सिलिंडरच्या भिंती थंड असतील तर त्या हवेतली उष्णता खेचून घेतात. डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, मग एकदम भडकतं, आणि आपल्याला खडखडाट वाढल्याचा आवाज येतो. फवाऱ्यातला थोडा भाग न जळता भिंतीवर बसतो, तिथला ऑइलचा थर धुतो आणि पिस्टन रिंगच्या बाजूनं खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतो. सोबत ज्वलनातून तयार झालेली वाफही खाली जाते. गरम इंजिनात ती ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) उडून जाते, थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्येच राहते.

दुसरी बाजू ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची. कूलंटचं तापमान ६०-६५ अंशांवर अडकलं की ईसीयूला वाटतं इंजिन अजून तापतंय. मग तो जास्त डिझेल देतो, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबताचा इंजिनाचा वेग) थोडं चढं ठेवतो आणि अनेक गाड्यांमध्ये डीपीएफचं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) सुरूच करत नाही किंवा मध्येच सोडून देतो. काजळी साठत जाते. म्हणजे "डीपीएफ पुन्हा पुन्हा भरतोय" ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीत आधी कूलंटचं तापमान बघायला हवं. डीपीएफ साफ करून गाडी परत दिली आणि थर्मोस्टॅट तसाच राहिला, तर तो फिल्टर पुन्हा भरणारच.

आयडलवर उभी करून तपासणी करू नका

ही सगळ्यात जास्त होणारी चूक, म्हणून आधी सांगतो. पेट्रोल इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं प्रमाण राखलं जातं. डिझेल इंजिन हवा जवळपास पूर्ण आत घेतं आणि ताकद कमी-जास्त करतं ती फक्त डिझेलच्या मात्रेनं. आयडलला डिझेल अगदी थेंबभर आणि हवा भरपूर. एवढ्या कमी इंधनातून उष्णता ती किती निघणार? शिवाय डिझेल इंजिन मुळातच इंधनाचा मोठा वाटा कामाला लावतं, त्यामुळे कूलंटकडे वाया जाणारी उष्णता आधीच कमी असते.

म्हणून थंड हवेत धडधाकट डिझेल इंजिनसुद्धा अर्धा तास उभ्या उभ्या सुरू ठेवून पूर्ण तापत नाही. तापलेलं इंजिन आयडलवर ठेवून हीटर पूर्ण लावला तर काटा खाली यायलाही लागतो. हा दोष नव्हे. गाडी चालवल्यावर काय होतं यावरूनच निर्णय घ्यायचा.

सर्वसाधारण डिझेल कारमध्ये थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडायला लागतो आणि त्याच्या १०-१५ अंश वर गेल्यावर पूर्ण उघडतो. उघडण्याचा आकडा त्याच्या धातूवरच कोरलेला असतो. म्हणजे नेहमीच्या चालवण्यात १०-१५ मिनिटांत तापमान ८० च्या पुढे जायला हवं आणि मग ८० ते ९५ या पट्ट्यात टिकायला हवं. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर पाच-दहा मिनिटं जास्त द्या. त्यानंतरही ७० च्या खाली घुटमळत असेल तर काहीतरी बिघडलेलं आहे.

काट्यावर विसंबू नका

डॅशबोर्डचा काटा चालकाला उगाच घाबरवू नये अशा पद्धतीनं बसवलेला असतो. अनेक गाड्यांमध्ये कूलंट ७५ असो की १०५, काटा मध्यावरच दिसतो. याचा उलटा अर्थही नीट लक्षात घ्या: अशा गाडीत काटा मध्याच्या खाली दिसतोय म्हणजे तापमान बऱ्यापैकी घसरलेलं आहे. आणि काटा मध्यावर आहे म्हणून सगळं ठीक, असंही नाही. आत ७६ चालू असेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

त्यामुळे ओबीडी सॉकेटला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लागणारा छोटा स्कॅनर आणि मोबाइलवरचं एखादं ॲप एवढं जवळ ठेवा. लाइव्ह डेटामध्ये कूलंट टेम्परेचरचा खरा आकडा मिळतो. सोबत साठवलेले कोडही वाचा. पी०१२८ दिसला तर त्याचा अर्थ "ठरलेल्या वेळेत कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचला नाही" एवढाच. थर्मोस्टॅटच खराब आहे असं तो कोड सिद्ध करत नाही. कूलंट कमी असला किंवा सेन्सर खोटं बोलत असला तरी तोच कोड येतो.

पहिला प्रश्न: इंजिन खरंच थंड आहे का?

कोणताही पाना उचलण्याआधी, पण पुढच्या भागात सांगितल्याप्रमाणे कूलंटची पातळी बघून झाल्यावरच, गाडी वीसेक मिनिटं चालवून घ्या आणि काटा, स्कॅनर आणि हीटर, या तिघांना एकत्र विचारा. हीटर पूर्ण गरमवर, पंखा मधल्या वेगावर.

काटा आणि स्कॅनर दोन्ही खाली, हीटरची हवा कोमट: इंजिन खरोखर थंड चालतंय. संशय थर्मोस्टॅटवर.

काटा आणि स्कॅनर खाली, पण हीटर हात भाजेल इतका गरम: इंजिन तापलेलं आहे, सेन्सर किंवा त्याची वायर चुकीचं सांगतेय.

स्कॅनर ८८ दाखवतोय आणि काटा तळाशी: इंजिन उत्तम आहे, बिघाड मीटरकडे किंवा मीटरच्या वेगळ्या सेन्सरकडे. जुन्या गाड्यांमध्ये ईसीयूचा आणि काट्याचा सेन्सर वेगवेगळा असतो.

स्कॅनर ८८, हीटर मात्र थंड: हा विषयच वेगळा. हीटर कोअर (केबिनची हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) तुंबलाय, त्यात हवा अडकलीय किंवा गरम-थंड हवेचा फ्लॅप हलत नाही.

एक इशारा. काही डिझेल गाड्यांमध्ये हीटरच्या बॉक्समध्ये वेगळा इलेक्ट्रिक हीटर असतो. तो इंजिन थंड असतानाही थोडी गरम हवा देतो आणि ही चाचणी फसवतो. तुमच्या गाडीत तो असेल तर हाताला लागणाऱ्या हवेपेक्षा बॉनेटखालून केबिनकडे जाणारे हीटरचे दोन होज चाचपून बघा.

कूलंटची पातळी, सगळ्यात आधी

इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघा. कूलंट कमी असेल तर हीटर थंड पडतो. सेन्सरच्या टोकाशी कूलंटऐवजी हवेचा फुगा आला तर स्कॅनरवरचा आकडाही खाली येतो. म्हणजे बाहेरून चित्र "थंड इंजिन"चं दिसतं आणि आत हेड तापत असतं. या एका शक्यतेमुळे पातळी बघितल्याशिवाय कोणतीही चाचणी गाडी चालवून करू नका.

पातळी कमी असेल तर ती कुठे गेली ते शोधा. वॉटर पंपाखाली, होजच्या टोकांना, रेडिएटरच्या कडांना वाळलेले पांढरट, गुलाबी किंवा हिरवट डाग दिसतात.

गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आत साधारण १ ते १.५ बार जास्तीचा दाब असतो. त्या दाबामुळेच कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही, आणि झाकण फिरवताच तो क्षणात उकळून तोंडावर येतो.

थर्मोस्टॅट बंद होतोय का? हातानं आणि आकड्यानं

थर्मोस्टॅटच्या आत मेणाची बंद कुपी असते. मेण तापून फुगतं, दांडा ढकलतं, व्हॉल्व उघडतो. थंड झालं की स्प्रिंग तो बंद करते. थंड चालणाऱ्या इंजिनात बहुतेक वेळा हा व्हॉल्व सताड उघडा अडकलेला नसतो. रबरी कड झिजलेली असते, स्प्रिंग मऊ पडलेली असते किंवा गंजाचा कण मध्ये अडकलेला असतो, आणि एखाद-दोन मिलिमीटरची फट कायम राहते. डिझेलला एवढी फट पुरते, कारण हलक्या लोडवर त्याच्याकडे उष्णता मुळातच बेताची असते.

याची खूण चालवताना स्पष्ट दिसते. गर्दीत हळू चालवताना तापमान चढतं, ८० च्या आसपास जातं. मोकळा रस्ता लागला, वारा रेडिएटरवर बसला की ६८-७० वर उतरतं. उताराला ॲक्सिलरेटर सोडला की आणखी खाली. स्कॅनरवर दर मिनिटाला आकडा लिहून काढा किंवा ॲपचा आलेख बघा. चांगल्या थर्मोस्टॅटचा आलेख ८० पार करेपर्यंत भराभर चढतो, पहिल्यांदा उघडताना दोन-चार अंश डुबकी मारतो आणि मग सपाट होतो. गळणाऱ्याचा आलेख ६० नंतर आळसावतो आणि रस्त्यासोबत वर-खाली करत राहतो.

आता होज चाचपणी. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. सैल कपडे, बेल्ट आणि पंखा यांपासून हात लांब. इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो. थर्मोस्टॅट इंजिनातून कूलंट बाहेर पडण्याच्या जागी बसवलेला असेल तर स्कॅनर ८० दाखवेपर्यंत वरचा होज जवळपास थंडच राहायला हवा, आणि मग एकदम गरम व्हायला हवा. ४० ला तो कोमट, ५० ला गरम, असा इंजिनासोबत हळूहळू तापत गेला तर व्हॉल्व गळतोय.

पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट आत येण्याच्या बाजूला, वॉटर पंपाजवळ असतो. तिथे वरचा होज थेट गरम बाजूला जोडलेला असल्यामुळे लवकर कोमट होतो आणि माणूस चांगला थर्मोस्टॅट बदलून बसतो. अशा इंजिनात खालचा होज आणि रेडिएटरचा खालचा भाग तपासा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते थंड राहायला हवेत. तुमच्या इंजिनात थर्मोस्टॅट कुठे आहे हे आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या. काही इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात, किंवा ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणाऱ्या भागाच्या) लाइनमध्ये दुसरा छोटा असतो. मुख्य बदलूनही फरक पडला नाही तर तिकडे वळा.

शंका उरली तर पुठ्ठ्याची चाचणी. रेडिएटरच्या समोर, ग्रिलमागे, अर्धा भाग झाकेल असा पुठ्ठा लावा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगानं चालवा. चांगला थर्मोस्टॅट वाऱ्यातला फरक स्वतःच सांभाळून घेतो, आकडा फारसा हलत नाही. तापमान ७० वरून ८० च्या पुढे गेलं तर रेडिएटर नको तेव्हा थंड करतोय हे पक्कं झालं. चाचणीभर स्कॅनरवर नजर ठेवा आणि पुठ्ठा लगेच काढा. काही जण तो कायमचा ठेवतात. चढावर भरलेली गाडी गेली की तोच पुठ्ठा इंजिन तापवतो.

सेन्सर खोटं कसं बोलतो

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. माझ्या गाडीत स्कॅनर ७० च्या वर जात नव्हता. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवा भरला, आणि आकडा पुन्हा ७०. सकाळी इंजिन थंड असताना सेन्सर बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवत होता, म्हणून मी त्याला निर्दोष धरलं होतं. तीच चूक होती.

कूलंट सेन्सर म्हणजे तापला की रोध कमी होणारा थर्मिस्टर. फार प्रचलित असलेल्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १९० च्या आसपास रोध असतो. आता कनेक्टरच्या पिनवर गंज चढला आणि वाटेत १५० ओहम वाढले असं धरा. सकाळी २५०० चे २६५० होतात आणि ईसीयूला फक्त एक-दीड अंशाची चूक दिसते, म्हणजे काहीच नाही. पण ८० अंशांना ३२० चे ४७० होतात आणि ईसीयू ते सुमारे ६८ अंश असं वाचतो. थंड इंजिनावरची तपासणी पास आणि गरम इंजिनावर १२ अंशांची फसवणूक, ती अशी.

मला हे उमगलं ते इन्फ्रारेड थर्मामीटरमुळे. त्याचीही एक खोड आहे: चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर तो खूप कमी तापमान दाखवतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, सेन्सरच्या शेजारी, काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि अगदी जवळून त्या टेपवर रोखा. माझ्या गाडीत टेपवर ८४ आलं आणि स्कॅनरवर ७० होतं. हाउसिंगचा बाहेरचा पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा दोन-चार अंश थंडच असतो, तो जास्त गरम असूच शकत नाही. म्हणजे सेन्सरच्या बाजूला खोट. कनेक्टर काढला तर एका पिनभोवती हिरवी पूड जमलेली. सेन्सरच्याच अंगातून बारीक पाझरलेला कूलंट तिथे वाळला होता. सेन्सर बदलला, कनेक्टरच्या पिना साफ केल्या, आकडा ८६ वर गेला आणि टिकला.

तपासणीचा क्रम असा ठेवा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, सेन्सरचा कनेक्टर काढा. स्कॅनरनं उणे ४० च्या आसपास किंवा ईसीयूचं ठरावीक बदली तापमान दाखवायला हवं. काही ईसीयू लगेच पंखाही सुरू करतात, दचकू नका. मग मल्टीमीटरनं सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडा. सेन्सरचा रोध बरोबर आणि स्कॅनरचा आकडा चूक, म्हणजे खोट कनेक्टरमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. काम झाल्यावर कोड पुसायला विसरू नका, कनेक्टर काढल्यामुळे नवा कोड पडलेला असतो.

पंखा, आणि गायब थर्मोस्टॅट

पंखा सतत फिरतोय म्हणून इंजिन थंड आहे, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण थर्मोस्टॅट चांगला असेल तर पंखा रेडिएटरमधला कूलंट कितीही गार करो, तो कूलंट गरजेपेक्षा जास्त इंजिनात येऊच शकत नाही. पंखा एकट्यानं इंजिन फारसं थंड करत नाही, तो गळका थर्मोस्टॅट उघडा पाडतो. तरी चिकटलेला रिले किंवा जाम झालेलं व्हिस्कस कपलिंग (इंजिनावर फिरणारा पंखा गरजेप्रमाणे जोडणारा भाग) दुरुस्त करायलाच हवं. व्हिस्कस पंखा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभर घोंघावतो, ते ठीक. वेगासोबत तो आवाज कायम वाढत राहिला तर कपलिंग गेलेलं आहे.

सेकंडहँड गाडी असेल तर आणखी एक शक्यता धरा: हाउसिंग उघडल्यावर आत थर्मोस्टॅटच नसेल. कधीकाळी इंजिन तापलं म्हणून कोणीतरी तो काढून फेकलेला असतो. हा उपाय मुळातच चुकीचा आहे. अनेक इंजिनांतला थर्मोस्टॅट मुख्य वाट उघडता उघडता बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळून तसाच गरम परत फिरतो. त्यामुळे तेच इंजिन हलक्या लोडवर थंड आणि चढावर गरम, असं दोन्हीकडून बिघडतं. थर्मोस्टॅट नाहीसा सापडला तर तो का काढला गेला असेल याचाही शोध घ्या. रेडिएटर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी.

थर्मोस्टॅट बदलणे

लागणारं सामान: गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाचाच थर्मोस्टॅट, नवी गॅस्केट किंवा ओ-रिंग, मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचा कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, स्प्रिंग क्लॅम्पची पकड, छोटा टॉर्क रेंच, प्लास्टिकची खरवडणी आणि रुंद तोंडाचं भांडं. कूलंट रंगावरून निवडू नका. रंगाला सर्वमान्य नियम नाही. एकाच रंगाचे दोन कूलंट रसायनानं वेगळे असू शकतात.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासा, ही सवय लावून घ्या. नवाही खराब निघतो. आधी उजेडासमोर धरा, व्हॉल्वच्या कडेनं उजेडाची रेघ दिसता कामा नये. हवा निघण्याचं बारीक छिद्र असेल तेवढं सोडून. मग पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं असा लोंबता ठेवा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर. दोऱ्याचं टोक व्हॉल्वच्या फटीत अडकवलं तर तो उघडताक्षणी थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो आणि नेमका आकडा मिळतो. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश आसपास उघडायला हवा. बाहेर काढून गार होऊ द्या, पूर्ण मिटतोय ना ते बघा. जुन्यालाही हीच परीक्षा द्या, म्हणजे निदान बरोबर होतं की नाही ते कळेल.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडा, खालच्या नळीनं किंवा रेडिएटरच्या ड्रेन प्लगमधून कूलंट काढा. तो विषारी असतो आणि चवीला गोड लागतो, त्यामुळे प्राणी आणि लहान मुलं जवळ येऊ देऊ नका, गटारात ओतू नका. हाउसिंगचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीनं सैल करा. थर्मोस्टॅट बाहेर काढण्याआधी फोटो घ्या: मेणाची कुपी आणि स्प्रिंग कोणत्या बाजूला आहे, हवेचं छिद्र किंवा त्यातली डुगडुगणारी पिन कुठे आहे. कुपी इंजिनाकडच्या गरम कूलंटमध्ये असायला हवी आणि पिन सगळ्यात वर. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही आणि इंजिन तापतं.

बसण्याची जागा प्लास्टिकच्या खरवडणीनं साफ करा. ॲल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर चालवू नका, एक चरा पुरतो गळतीला. ओ-रिंग असेल तर तिला फक्त कूलंटचं बोट लावा. मॅन्युअलनं सांगितलं नसेल तर सीलंट वापरू नका, त्याचा सुटलेला तुकडा नव्या थर्मोस्टॅटमध्येच जाऊन अडकतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टना साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतं, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. प्लास्टिक हाउसिंग जास्त आवळलं की तडकतं, आणि तडा कधी कधी गरम झाल्यावरच दिसतो.

काही नव्या गाड्यांत हाउसिंग आणि थर्मोस्टॅट एकच पीस असतो आणि त्यात वीजेवर तापणारा घटकही असतो. तिथे पी०५९७ ते पी०५९९ असे कोड आले तर आधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासा.

हवा काढणे

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून हळूहळू ओता. हीटर पूर्ण गरमवर. ब्लीड स्क्रू असतील तर ते सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. वरचा होज हातानं दाबत सोडत राहा. मग टाकीचं झाकण मॅन्युअलप्रमाणे ठेवून इंजिन सुरू करा, १५०० ते २००० आरपीएमवर धरा. डिझेल उभ्या उभ्या तापायला वेळ घेतं, इथे घाई करू नका. थर्मोस्टॅट उघडला की टाकीतली पातळी एकदम खाली येते. हीटरमधून सलग गरम हवा येऊ लागली आणि रेडिएटरची दोन्ही टोकं गरम झाली की इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, पातळी भरा. पहिले दोन-तीन दिवस रोज सकाळी पातळी बघा, अडकलेली हवा उशिरा निघते.

त्यानंतर

इंजिन बरेच महिने थंड चाललेलं असेल तर डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल आणि वासात डिझेल असेल, तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचं बेअरिंग चालवणं धोक्याचं. क्रम मात्र असा ठेवा: डीपीएफ भरलेला असेल तर आधी रिजनरेशन, मग ऑइल. अनेक इंजिनांत रिजनरेशनसाठी जादा डिझेल सिलिंडरमध्येच फवारलं जातं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. ऑइल आधीच खुणेच्या फार वर असेल तर अपवाद करा, आधी तेच बदला, कारण वाढलेलं ऑइल ब्रीदरवाटे इंजिनात खेचलं जाऊ शकतं.

शेवटी ज्या रस्त्यावर आधी आकडे लिहिले होते त्याच रस्त्यावर पुन्हा चालवा. किती मिनिटांत ८० आलं, मोकळ्या रस्त्यावर किती टिकलं, उतारावर किती घसरलं, हे तारखेसह सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवा. वर्षभरानं त्याच रस्त्यावर पाच-सात अंश कमी दिसले, तर काटा मध्यावरून हलण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलेलं असेल.